सिचुआनच्या गणिताच्या बाई

बॉथेलच्या आमच्या अपार्टमेंटमध्ये स्वयंपाकघराला खिडकी नव्हती. कढईत लाल मिरची पडली की छताला लावलेला स्मोक अलार्म कोकलायला लागायचा. आम्ही तिथे राहायला गेलो त्याच आठवड्यात मी येसराच्या मसाल्यासाठी मिरच्या भाजायला घेतल्या आणि अलार्म सुरू झाला. नवरा ऑफिसला गेलेला. दोन वर्षांची मुलगी कानांवर हात ठेवून रडत होती आणि मी खुर्चीवर उभी राहून त्या पांढऱ्या डबीचं बटण शोधत होते. तेवढ्यात दार वाजलं. मला वाटलं, झालं, कोणीतरी तक्रार घेऊन आलं.

दारात समोरच्या अपार्टमेंटमधली चिनी बाई उभी होती. कडेवर माझ्या मुलीएवढीच मुलगी, हातात टॉवेल. ती सरळ आत आली, मुलीला खाली ठेवलं, बाल्कनीचं दार सताड उघडलं आणि अलार्मखाली उभी राहून टॉवेल गरागरा फिरवायला लागली. आवाज थांबला. मग कढईकडे बोट दाखवून तिने इंग्रजीत विचारलं, "हे काय आहे? मला पण देशील?"

ती सिचुआनची होती. तिच्या घरी रोज तसाच ठसका उठायचा आणि रोज तसाच अलार्म वाजायचा, म्हणून टॉवेल कायम हाताशी. तिच्या स्वयंपाकघरात एक वास यायचा, तो मला ओळखीचा वाटायचा आणि नेमका आठवायचा नाही. एकदा तिने डबी उघडून दाखवली तेव्हा कळलं. हॉस्टेलला माझी मालवणची मैत्रीण बांगड्याच्या आमटीत तिरफळं घालायची, त्यांचीच ही सख्खी बहीण. दाणा जिभेवर ठेवला की जीभ बधिर होते. आमची मैत्री अशी तिखटावरून जमली.

आम्हा दोघींचा व्हिसा डिपेंडंट होता. मी आधी लातूरला आणि लग्नानंतर पुण्याला शाळेत भूगोल शिकवायचे. ती एका कारखान्यात हिशेब बघायची. इथे दोघींनाही नोकरीची परवानगी नव्हती. बाहेर ऑक्टोबरपासून जी रिपरिप सुरू व्हायची ती मार्च उलटला तरी थांबायची नाही. नवरे आपापल्या गाड्या घेऊन गेले की मुली तिच्या कार्पेटवर खेळायच्या आणि आम्ही तिच्या जेवणाच्या टेबलाशी बसून राहायचो. बोलायचो इंग्रजीत. तिचं इंग्रजी तोडकंमोडकं, माझं शाळामास्तरी. पण दोघींना दुसरं कोणी नव्हतं, त्यामुळे अडलं नाही.

तिचा एक ब्लॉग होता, चिनी साइटवर. अमेरिकेतल्या रोजच्या गोष्टी ती तिथे लिहायची. आमच्या पहिल्या भेटीनंतर काही दिवसांनी तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. माझ्या कढईचा फोटो होता आणि खाली चिनी अक्षरांच्या रांगाच रांगा.

"हे सगळे तुझ्याबद्दल विचारतात," ती म्हणाली.

"काय विचारतात?"

"भारतात रस्त्यावर खरंच गाई बसतात का. हाताने जेवता तर गरम भात कसा खाता. आणि हा माणूस विचारतो, तू नाचतेस का."

मी हसले आणि एकेकाला उत्तर सांगत गेले. ती टाइप करत गेली. मग तो रोजचाच कार्यक्रम झाला. त्यांची संध्याकाळ म्हणजे आमची पहाट, त्यामुळे सकाळी लॅपटॉप उघडला की रात्रभरात आलेल्या कॉमेंट्स वाट बघत असायच्या. ती वाचून दाखवायची, मी उत्तर द्यायचे, ती चिनीत लिहायची. मी काय बोलले आणि तिने काय लिहिलं हे पडताळायचा काही मार्ग नव्हता. तशी गरजही कधी वाटली नाही.

त्या गर्दीत एकीचा प्रश्न वेगळा होता. तिने विचारलं होतं, "त्या भारतीय बाई शाळेत कोणता विषय शिकवायच्या? वर्गात मुलं किती असायची?"

मी सांगितलं, भूगोल, आणि साठाच्या वर मुलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. "माझ्याही वर्गात तेवढीच आहेत. मी गणित शिकवते. वह्या तपासायला तुम्ही घरी न्यायच्या का? माझा नवरा म्हणतो, घरात जेवायच्या ताटापेक्षा वह्या जास्त."

शेजारणीने वाचून दाखवलं आणि मला एकदम भरून आलं. इथे येऊन सहा महिने झाले होते. तुम्ही काय शिकवायच्या, असं मला कोणीही विचारलं नव्हतं. पार्टीत लोक विचारायचे, नवरा कुठल्या कंपनीत आहे.

त्या बाई सिचुआनमधल्याच एका डोंगराळ गावातल्या होत्या. माझ्या शेजारणीच्या लिहिण्यात तिथल्या बोलीचे शब्द यायचे, म्हणून त्या तिचा ब्लॉग वाचायला लागल्या होत्या. खरं नाव आम्हाला माहीत नव्हतं. तिथे सगळेच टोपणनावाने लिहायचे. शेजारीण त्यांना 'मॅथ टीचर' म्हणायची, मी मनात 'गणिताच्या बाई' म्हणायला लागले. त्यांना एकच मुलगी होती, तेव्हा अकरा वर्षांची. ती आईकरवी मला प्रश्न पाठवायची.

"तुमच्या गावाला नदी आहे का?" तिने एकदा विचारलं.

मी मांजरा नदीबद्दल सांगितलं. उन्हाळ्यात ती कोरडी पडते हेही सांगितलं. लगेच पुढचा प्रश्न. "नदीत पाणी नसतं तेव्हा पुलाखाली काय असतं?"

भूगोलाच्या इतक्या वर्षांत मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी सांगितलं, पुलाखाली सावली असते, म्हणून पोरं तिथे क्रिकेट खेळतात. थोडं पुढे वाळूत टरबुजाचे वेल लावतात. मुलीने त्याचं चित्र काढलं आणि बाईंनी त्याचा फोटो काढून ब्लॉगवर टाकला. पूल, पुलाखाली बॅट धरलेली मुलं, आणि टरबुजं मुलांच्या डोक्यापेक्षा मोठी. क्रिकेटची बॅट तिने वल्ह्यासारखी काढली होती.

त्या पहिल्या हिवाळ्यात आणखी एक गोष्ट घडली. तेव्हा ती मला नुसती विचित्र वाटली. थंडीबद्दल गप्पा चालल्या होत्या. कोणीतरी विचारलं, भारतात स्वेटर लागतो का. मी सांगितलं, लागतो की. दर थंडीत आमच्या गावात तिबेटी लोक येऊन स्वेटरचं मार्केट मांडायचे. माझे शाळेचे निळे स्वेटर सगळे त्यांच्याकडचेच. एक तिबेटी आजी भाव करताना चक्क मराठी बोलायची. शेजारणीने ते लिहिलं, बटण दाबलं. पान आलंच नाही. तिने परत पाठवलं. परत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्याआधीची पोस्टही गायब होती.

"काय झालं?" मी विचारलं.

"तो शब्द आहे. मशीन पकडतं."

"कुठला शब्द? स्वेटर?"

ती हसली नाही. थोड्या वेळाने तिने विचारलं, "ते लोक तुमच्या गावात का येतात?" खरंच माहीत नसल्यासारखं विचारलं. मी जे मला ठाऊक होतं ते सांगितलं. तिने ऐकून घेतलं, म्हणाली, "आम्हाला वेगळं शिकवलंय," आणि मुलींसाठी सफरचंद कापायला उठली. त्या विषयावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. स्वेटरवाली आजी मात्र तिने पुढे कधीतरी 'डोंगरातून येणारी म्हातारी' करून त्या ब्लॉगवर आणलीच.

म्हणजे असं होतं ते. काही शब्द चालायचे नाहीत, मग लोक अक्षरांमध्ये ठिपके घालायचे, सारख्या उच्चाराचा दुसराच शब्द लिहायचे. शेजारणीला त्याचा त्रास होत असावा असं मला वाटायचं. पण ती ते पावसासारखं धरून चालायची. छत्री घ्यायची आणि बाहेर पडायचं.

असं करत दोन वर्षांच्या वर गेली. आमच्या मुली प्री-स्कूलला जायला लागल्या. घरात मराठीत विचारलं तरी माझी मुलगी इंग्रजीत उत्तर द्यायची, तिची चिनीत विचारलं तरी इंग्रजीत. गणिताच्या बाईंची मुलगी तेरा वर्षांची झाली, मोठ्या शाळेत गेली. आता तिचे प्रश्न कमी येत. बाई लिहायच्या, "हल्ली खोलीचं दार लावून घेते." मी सांगायचे, आमच्याकडच्या मुलीही या वयात तेच करतात.

मग २००८ चा मे महिना आला. सोमवारी सकाळी दार वाजलं. शेजारीण होती, अंगात नाइट ड्रेस, पायात दोन वेगळ्या चपला.

"भूकंप," ती म्हणाली. "आमच्याकडे. फोन लागत नाही."

मी तिला आत बसवलं. मुलींना टीव्ही लावून दिला आणि तिच्या आईवडिलांचा नंबर आम्ही आळीपाळीने फिरवत राहिलो. दुपारी लागला. ते दोघं शहरात होते. सोसायटीच्या अंगणात खुर्च्या टाकून बसले होते, घराला तडे गेले होते पण दोघांना काही झालं नव्हतं. तिने फोन ठेवला आणि टेबलावर डोकं टेकून रडली. मग डोकं वर करून म्हणाली, "मॅथ टीचरचं गाव डोंगरात आहे."

ब्लॉगवर सगळ्यांनी तेच विचारलं होतं. मॅथ टीचर, कुठे आहात. मॅथ टीचर, एक शब्द तरी लिहा. बऱ्याच जणांनी मेणबत्तीचं चित्र टाकलं होतं. ते मला आवडलं नाही. मेणबत्ती लावायला अजून काय झालंय, असं वाटलं. बातम्यांमध्ये डोंगर घसरलेले, रस्ते गाडले गेलेले दिसत होते. आणि शाळा. पडलेल्या शाळा आणि बाहेर बसलेले आईबाप. मी टीव्ही बंद करायचे आणि परत लावायचे.

हे दृश्य मी आधी पाहिलं होतं. किल्लारीला भूकंप झाला तेव्हा मी बारावीत होते. गणपती बोळवून लोक नुकते झोपले होते. माझी मावशी त्या भागातल्या एका खेड्यात दिली होती. तिचा नवरा, सासू आणि दोन मुलं दगडमातीच्या भिंतीखाली गेली. ती तेवढी अंगणात झोपली होती म्हणून राहिली. वडिलांनी मला बरोबर नेलं होतं, कारण आईला जाववेना. तिथला वास, जंतुनाशकाच्या पांढऱ्या पावडरीचे पट्टे, आणि मावशीच्या शेजारी तिच्यासारख्याच दहा बायका. कोणी रडत नव्हतं. हे सगळं मी नवऱ्यालाही कधी धड सांगितलं नव्हतं.

दोन-अडीच आठवडे गेले. एका सकाळी शेजारणीने मला फोन न करता दारातूनच खुणेने बोलावलं. लॅपटॉप उघडा होता. पडद्यावर अगदी छोटी ओळ होती.

"मॅथ टीचर?" मी विचारलं.

तिने मान डोलावली. मग वाचून दाखवलं. "मी आहे. नवरा आहे. मुलगी शाळेत होती."

ती उठून सिंकपाशी गेली आणि धुतलेलाच वाडगा परत धुवायला लागली. मी खुर्चीत बसून राहिले. मला ती चौकोनी अक्षरं वाचता येत नव्हती, तरी मी त्या ओळीकडे बघत होते. यातलं 'मुलगी' कुठलं, असा काहीतरी विचार डोक्यात येत होता.

"काय लिहू?" शेजारणीने पाठमोरीच विचारलं.

मग मी मावशीबद्दल सांगायला लागले. आमच्याकडे असं झालं होतं. माझ्या मावशीची दोन मुलं गेली. पहिले कित्येक महिने ती पाच माणसांचा स्वयंपाक करायची आणि कोणी तिला अडवायचं नाही. गावातली एक म्हातारी रोज येऊन तिच्या शेजारी बसायची, काही बोलायची नाही. मी म्हटलं, मीही तशीच बसले आहे असं समजा. लांब आहे, पण बसले आहे.

शेजारणीने हे सगळं लिहिलं. लिहिताना ती मधेमधे थांबत होती, डोळे पुसत होती. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. "तुमच्या मावशी पुढे जगल्या का?"

मी खरं ते सांगितलं. जगली. अजून आहे. सरकारने बांधून दिलेल्या पक्क्या घरात ती झोपत नाही, अंगणात पत्रा घालून झोपते. शेवया करून विकते. कधीकधी हसतेही, पण लहान मूल मांडीवर घेत नाही.

बाईंनी लिहिलं, "मग ठीक आहे." त्यापुढे काही नव्हतं.

नंतर त्या जास्त लिहायला लागल्या. त्या ज्या प्राथमिक शाळेत शिकवायच्या ती उभी होती. मुलीची शाळा पत्त्यांसारखी बसली होती. शाळेला लागून असलेली सरकारी कचेरी उभी होती, तिच्या काचासुद्धा सगळ्या फुटल्या नव्हत्या. इतर आईबापांबरोबर त्या ढिगाऱ्यावर गेल्या होत्या. खांबाचा तुकडा हातात घेतला तर त्याचा चुरा झाला. आतल्या सळ्या पेन्सिलीएवढ्या.

शेजारीण हे मला वाचून दाखवायची आणि दुपारी परत उघडलं तर ते नसायचं. त्या जागी करड्या रंगात एक ओळ. मी ती ओळ आता अक्षरांवरून ओळखायला लागले होते. 'ही कॉमेंट काढून टाकण्यात आली आहे.' चिनी भाषेतलं मी वाचायला शिकलेलं पहिलं वाक्य ते. बाई परत लिहायच्या. 'शाळा' या शब्दात ठिपके घालून लिहायच्या. परत ती करडी ओळ. एका पोस्टखाली अशा ओळींची रांगच झाली, मधे दुसऱ्या कोणाची तरी मेणबत्ती.

मग एक दिवस त्यांनी गणित घातलं. शाळेच्या पुस्तकात असतं तसं शाब्दिक उदाहरण. एक इमारत तीन मजल्यांची आहे. एका खांबाला आठ जाड सळ्या लागतात. बांधणाऱ्याने चार बारीक घातल्या. तर उरलेल्या सळ्यांचं वजन किती, आणि त्या कोणाच्या घरी आहेत? मुलांनो, रीत दाखवा.

शेजारणीने वाचलं आणि तोंडावर हात ठेवला. त्यात एकही पकडण्याजोगा शब्द नव्हता. मशीनला ते कळलंच नाही. ते गणित कितीतरी दिवस तिथे राहिलं आणि लोक त्याखाली उत्तरं लिहीत राहिले. कोणी लिहिलं, बाई, मी गणितात कच्चा होतो, पण हे मला सुटलं. कोणी लिहिलं, रीत दाखवली तर मार्क कापतील. कोणी नुसतं 'हजर' लिहिलं, वर्गात हजेरी देतात तसं. मग आणखी एकाने 'हजर' लिहिलं, मग पुढच्याने. पानभर हजर, हजर. शेजारीण एकेक वाचत गेली आणि शेवटी शेवटी तिला वाचवेना.

जून संपता संपता तिच्या वडिलांचा फोन आला. ते निवृत्त होते. त्यांच्या जुन्या ऑफिसातले दोघं फळांची टोपली घेऊन भेटायला आले होते. चहा प्यायले, तब्येतीची चौकशी केली. जाताना म्हणाले, तुमची मुलगी अमेरिकेतून छान लिहिते, स्वयंपाकाबद्दल, मुलीबद्दल. तिला म्हणावं, तेच लिही. दुसऱ्यांना तिथे काहीबाही लिहू देऊ नकोस.

हे मला तिने दोन दिवसांनी सांगितलं, आणि तोवर ब्लॉग तिने स्वतःच बंद केला होता. नुसता बंद नाही. सगळं काढून टाकलं होतं. पहिल्या कढईपासून सगळं.

"बाईंना सांगितलंस?" मी विचारलं.

"कसं सांगू? ईमेल नाही. नाव नाही. सांगायला तीच जागा होती."

"निदान एक दिवस आधी लिहायचं. त्यांना पत्ता विचारायचा."

"उघड्यावर? सगळे वाचत असताना? त्यांनी पत्ता दिला असता तर?" तिचा आवाज चढला नाही. ती मुलीच्या डब्यात द्राक्षं भरत होती. "तुझे बाबा लातूरला आहेत. त्यांच्याकडे असं कोणी येणार नाही. माझे बाबा एकाहत्तर वर्षांचे आहेत. ती माणसं येऊन गेल्यापासून ते रात्री झोपत नाहीत."

तिचं खरं होतं. तरी मला तिचा राग आला. त्या रागाला काही अर्थ नाही हे कळत होतं, म्हणून तो जास्तच आला. बाई सकाळी कॉम्प्युटर उघडत असतील आणि तिथे काहीच नसेल, एवढंच माझ्या डोळ्यांसमोर येत होतं. मी घरी आले. नंतरचे काही दिवस आम्ही मुलींना सोडताना पार्किंगमध्ये भेटायचो, हाय म्हणायचो आणि आपापल्या वाटेने निघायचो.

नवऱ्याने एकदा जेवताना विचारलं, "काय झालंय तुम्हा दोघींचं?" मी सगळं सांगितलं. तो स्वभावाने कमी बोलणारा. जेवण झाल्यावर लॅपटॉप घेऊन बसला. "पूर्ण डिलीट कधी होत नाही यार, कुठेतरी जुन्या पानाची कॅश कॉपी साठलेली असते," म्हणाला. बराच वेळ खटपट करून त्याला एकच पान सापडलं. चित्रं उडालेली, अर्धी रचना मोडलेली, पण अक्षरं होती. त्याने ते माझ्यासमोर धरलं. आम्ही दोघं बघत बसलो. दोघांनाही एक अक्षर कळत नव्हतं. बाईंच्या टोपणनावाची चार अक्षरं मात्र मला आकारावरून ओळखू आली. त्यांची कॉमेंट होती, लांबलचक.

दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉप घेऊन समोरचं दार वाजवलं. शेजारणीने मला आत घेतलं. पान पाहिल्यावर ती खाली बसली.

"हे जुनं आहे. मागच्या वर्षीचं."

"वाच."

तिने वाचलं. "'आज मुलीने भूमितीच्या पेपरात कमी मार्क आणले. गणिताच्या बाईची मुलगी म्हणून सगळे हसले. ती म्हणाली, त्या भारतातल्या मावशींना विचार, त्यांची मुलगी भूगोलात नापास झाली तर त्या काय करतील. मी म्हटलं, त्यांची मुलगी अजून लहान आहे. ती म्हणाली, मोठी होईल ना.'"

आतल्या खोलीत मुलींची बाहुलीवरून वादावादी चालली होती, इंग्रजीत. मग शेजारीण म्हणाली, "तेव्हा तू काय उत्तर दिलं होतंस, आठवतं?"

मला आठवत नव्हतं. तिलाही नाही. पान तिथेच तुटलं होतं.

त्यानंतर आमचं बोलणं सुरू झालं, पण पहिल्यासारखं नाही. दुपारी एकत्र बसायचो. ती मला वांगी करायला शिकवायची, मी तिला थालीपीठ. लॅपटॉप मात्र टेबलावर कधी आला नाही. सप्टेंबरमध्ये नवऱ्याचं प्रोजेक्ट संपलं आणि आम्ही टेक्ससला, अर्विंगला आलो. निघताना तिने मला त्या दाण्यांची मोठी बरणी दिली. मिठी मारायची आम्हा दोघींना सवय नव्हती. तिने माझा हात धरला आणि माझ्या मुलीच्या जॅकेटची चेन वरपर्यंत लावली.

अर्विंगला भारतीय दुकानं हाकेच्या अंतरावर होती, मराठी लोक होते, गणपती होता. शनिवारी कोणाच्या ना कोणाच्या घरी जेवण असायचं. एकटं वाटायला जागा नव्हती. तरी सकाळी मुलीला शाळेत सोडून आले की मी टेबलाशी बसायचे आणि काय करायचं ते कळायचं नाही.

थँक्सगिव्हिंगच्या सुमारास शेजारणीचा फोन आला. ती आईवडिलांना भेटून नुकतीच परतली होती. इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाली, "मी तिथे गेले होते."

"कुठे?"

"मॅथ टीचरच्या गावाला. घरी सांगितलं, मैत्रिणीकडे चाललेय. बसने गेले. अर्ध्याच्या पुढे रस्ता अजून नीट नाही. गावाच्या तोंडाशी गाड्या अडवून विचारतात, कोणाकडे चाललात. मला सांगता येईना. त्यांनी आत सोडलं नाही. तिथे एक छोटं दुकान होतं, पत्र्याच्या शेडमध्ये. मी दुकानदाराला विचारलं. म्हटलं, एक शिक्षिका आहेत, गणित शिकवतात. त्यांची मुलगी मोठ्या शाळेत होती, ती गेली. तुम्ही ओळखता का?"

ती थांबली.

"मग?"

"तो म्हणाला, कोणती? इथे पुष्कळ आहेत."

मी फोन कानाला धरून उभी होते. ती पुढे म्हणाली, "मला त्यांचं दुसरं काहीच सांगता येईना. त्या उंच आहेत की बुटक्या, तेही माहीत नाही. मी म्हटलं, त्यांची मुलगी चित्रं काढायची. तो म्हणाला, ताई, मुलं चित्रं काढतातच. मग त्याने मला बसायला स्टूल दिलं. परतीच्या बसला वेळ होता. मी बसून राहिले."

"शाळा दिसली?"

"नाही. ती आत आहे. लोक म्हणाले, ढिगारा उचलून जमीन सपाट केली आहे."

तिच्या मागे तिची मुलगी काहीतरी मागत होती. ती चिनीत तिच्याशी बोलली आणि परत फोनवर आली. मी म्हटलं, "तू गेलीस हे बरं केलंस." ती म्हणाली, "उशिरा गेले." मग तिने विचारलं, टेक्ससला थंडी पडते का, आणि मी सांगितलं, फार नाही, सकाळी सकाळी थोडी.